गच्चीवरचं झाकण

शरदिनी मोघे घर बघायला आल्या तेव्हा बिल्डरच्या माणसाने त्यांना वेड्यात काढलं, आणि त्यात त्याची फारशी चूक नव्हती. लोक फ्लॅट बघायला येतात तेव्हा नळ सोडून बघतात, फरशीवर पाय आपटतात, कपाटांची दारं उघडझाप करतात. या बाईंनी पर्समधून उदबत्ती काढली, पेटवली आणि रिकाम्या दिवाणखान्याच्या मधोमध उकिडवं बसून धुराकडे बघत राहिल्या. काहीतरी पूजा चालली असेल असं वाटून तो बिचाराही हात जोडून उभा राहिला. धूर आधी सरळ वर गेला, जरा घुटमळला, आणि मग पूर्वेच्या गॅलरीतून आलेल्या झुळकीबरोबर वळून स्वयंपाकघरात शिरला आणि तिथल्या खिडकीतून बाहेर पडला. बाई उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "यही लेंगे।" त्यांचे यजमान श्रीनिवासराव तोवर बाथरूमचा नळ बघत होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

इमारतीचं नाव 'गंगादर्शन'. ती होती महमूरगंजला, आणि तिच्या गच्चीवर टाचा उंचावून उभं राहिलं तरी गंगेचा थेंब दिसत नसे. बनारसमध्ये इमारतीला गंगेचं नाव ठेवायला गंगा लागत नाही, पाटी लागते. शरदिनीबाईंना त्याचं काही वाटलं नाही. गंगा त्यांनी पोटभर बघितली होती. त्यांचं लहानपण रामघाटच्या गल्लीत गेलेलं, वडील तिथल्या वेदशाळेत शिकवायचे, आणि पोरांनी उघड्या अंगाने संध्या म्हणत घाट चढावा तशी ही पोरगी शाळेचा भूगोल घोकत चढायची. पुढे रेल्वेच्या हिशेब कचेरीत नोकरी, रेल्वेच्याच कारखान्यातला नवरा, रेल्वेचंच क्वार्टर. आयुष्यभर सरकारने दिलेल्या भिंतींत राहिल्यावर स्वतःच्या पैशाने घेतलेली ही पहिली वस्तू, आणि ती त्यांनी भिंतींसाठी नाही, वाऱ्यासाठी घेतली.

त्या खिडकीबाहेर काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथेच घडलं. इमारतीच्या पोटातून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एक चौकोनी मोकळी जागा गेली होती. सगळे तिला डक्ट म्हणत. प्रत्येक घराचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या डक्टमध्ये उघडायचं. वर आभाळ. घरातली तापलेली हवा त्यातून वर निघून जायची आणि तिची जागा भरायला गॅलरीतून ताजी हवा आत यायची. कुठल्या तरी भल्या आर्किटेक्टने शुद्धीत असताना काढलेली ही एक रेघ होती, बाकी इमारत त्याने कशी काढली ते विचारू नये.

उन्हाळ्याचं शरदिनीबाईंचं एक शिस्तीचं गणित होतं. सकाळी ऊन चढायच्या आत सगळी दारं-खिडक्या बंद, गॅलरीत वाळ्याचे ओले पडदे. दुपारभर बाहेर लू भाजत असायची आणि घरात माठातल्यासारखा गारवा. दिवे लागले की मात्र सगळं सताड उघडं. मग पुरवैया यायची, पूर्वेकडचं ते ओलसर वारं, आणि गॅलरीतून शिरून दिवाणखाना ओलांडून डक्टमधून वर निघून जायची. श्रीनिवासराव बनियनवर आरामखुर्चीत बसून "वा, शारदे, वा" म्हणायचे, जणू बायकोनेच वारा बनवून वाढला आहे. ते याच घरात, याच खुर्चीत गेले. त्यानंतरही बाईंनी ना खुर्ची हलवली, ना वेळापत्रक.

खालच्या मजल्यावर लतिका शेवडे राहायची. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. लतिकाचं लग्न झालं नाही, ती विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयात राहिली आणि तिथून निवृत्त झाली. "शरू, मला अपार्टमेंटबिपार्टमेंट काही समजत नाही, तूच बघ" असं ती म्हणाली आणि शरदिनीबाईंनी तिलाही खालचाच फ्लॅट घ्यायला लावला. तिथेही उदबत्ती लावून. लतिका स्वभावाने भित्री. दाराची बेल वाजली तरी दचकायची. पण शरदिनीवर तिचा विश्वास असा की उद्या तिने गंगेत उडी टाक म्हटलं असतं, तर लतिकाने फक्त साडी खोचू का एवढंच विचारलं असतं.

मग इमारतीत पैसा आला आणि पैशाबरोबर एसी आले. एसीला वाईट म्हणायचं कारण नाही, ज्याला परवडतो त्याने लावावा. पण त्याचा तो बाहेरचा खोका, जो आतली गरमी बाहेर ओकतो, तो लावायचा कुठे? रस्त्याकडच्या बाजूला लावला तर इमारतीची शोभा जाते, असं सोसायटीने ठरवलं. मग लावा डक्टमध्ये. एकाचा लागला, दुसऱ्याचा लागला, बघता बघता डक्टच्या चारी भिंती खोक्यांनी भरून गेल्या. तरीही चाललं असतं. वर आभाळ होतं, निघून जात होती गरमी.

आणि मग पाडवा आला.

बनारसमध्ये गुढी उभारणं हे सोपं काम नाही. पुण्यात गुढीला फक्त ऊन लागतं, बनारसमध्ये माकडं लागतात. घाटांजवळच्या पक्का महाल वस्तीतली जुनी मराठी घरं गुढी उभारून तिच्याशेजारी घरातला एक माणूस काठी घेऊन बसवतात, पूजा झाली की तासाभरात गुढी आत. शरदिनीबाईंना हे ठाऊक होतं. पण त्या दिवशी श्रीखंडाचा चक्का नीट निथळला नव्हता, त्या आत वळल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा गॅलरीत नुसती काठी. त्यांच्या लग्नातली मोरपंखी जरीची साडी, साखरेची गाठी आणि तांब्या घेऊन एक भलं दांडगं माकड घरातूनच न्हाणीघराच्या खिडकीत शिरलं होतं आणि डक्टच्या पाइपावरून वर चढत होतं. गच्चीवरच्या टाकीवर बसून त्याने आधी गाठी खाल्ली. मग साडीचा पदर खाऊन बघितला. तो आवडला नाही म्हणून त्याने साडी टरकावली.

शरदिनीबाई रडल्या नाहीत, पेटल्या. त्याच संध्याकाळी त्या सोसायटीचे सेक्रेटरी मिसिरजी यांच्या दारात उभ्या. माकडं डक्टमधून घरात शिरतात, आज साडी गेली, उद्या पोर उचलतील, डक्टवर झाकण घाला! मिसिरजी सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, झाकणं घालण्याचा त्यांना अनुभव होता. त्यांनी अर्ज लिहिला, पहिली सही शरदिनीबाईंनी केली, आणि आठवड्याच्या आत डक्टच्या तोंडावर लोखंडी चौकट ठोकून निळे फायबरचे पत्रे बसले. माकडं बंद झाली. धूळ बंद झाली. सगळे बाईंना धन्यवाद देऊन गेले.

वाराही बंद झाला, हे कळायला वैशाख यावा लागला.

आता गंमत बघा. ज्या बाईने उदबत्तीच्या धुरावर घर निवडलं, त्याच बाईने स्वतःच्या सहीने घराचं नाक दाबलं. रामघाटच्या प्रत्येक घराच्या चौकावर माकडांसाठी लोखंडी जाळी असते, पत्रा कोणी घालत नाही, हे त्यांनी लहानपणापासून बघितलं होतं. पण रागात माणसाला स्वतःच्याच डोक्यातलं आठवत नाही. डक्टमधले सगळे खोके गरमी ओकत, ती वर जाऊन पत्र्याला धडकत आणि माघारी वळून ज्याची खिडकी उघडी त्याच्या स्वयंपाकघरात शिरत. खिडकी लावली तर फोडणीचा धूर कोंडे. संध्याकाळी गॅलरी उघडली तरी पुरवैया उंबऱ्याशी येऊन थबकायची, कारण पलीकडून बाहेर पडायला वाटच नव्हती. रात्रीदेखील भिंतींना हात लावला तर चटका बसावा अशी दशा. त्या ज्येष्ठात एका दुपारी पोळ्या लाटता लाटता शरदिनीबाई ओट्याशीच कोसळल्या. पोळी तव्यावर जळली, तिच्या वासाने लतिका वर धावली, म्हणून निभावलं.

मुलगा मोहन पुण्याहून विमानाने आला. सलाईन झालं, डॉक्टर झाले, आणि मग माय-लेकांची खडाजंगी झाली.

"एक तर एसी लाव, नाही तर माझ्याबरोबर पुण्याला चल. तिसरा रस्ता नाही."

"एसी लावला तर त्याचा खोका कुठे लागेल, माहीत आहे? बरोबर लतिकाच्या खिडकीवर. माझी गरमी मी तिच्या स्वयंपाकघरात ओतू?"

"मग पुणे."

"पुण्यात मी काय करू? तुझ्या सातव्या मजल्यावर बसून लिफ्ट मोजू?"

"आई, तू जिवानिशी जाशील गं इथे!" मोहन ओरडला. मुलगा वाईट नव्हता. भ्याला होता.

शेवटी बाईंनी शब्द दिला. पुढच्या ज्येष्ठापर्यंतची मुदत. तोवर घरात पुन्हा वारा आणून दाखवीन, आणि नाही जमलं, पुन्हा चक्कर आली, तर एक शब्द न बोलता घराला कुलूप लावून तुझ्याबरोबर येईन. शरदिनी मोघेंचा शब्द म्हणजे मोडणारी वस्तू नव्हती, हे मोहनला माहीत होतं, आणि त्यांना स्वतःलाही. म्हणून तर त्या मनातून हादरल्या होत्या. सगळं आयुष्य ज्या शहरात काढलं ते शहर, हे घर, ती खुर्ची, सगळं आता त्या निळ्या पत्र्यावर टांगलेलं होतं.

हिवाळाभर त्यांनी मिसिरजींचं डोकं खाल्लं. पत्रे काढा, जाळी बसवा. मिसिरजी म्हणायचे, "देखते हैं।" बनारसमध्ये 'देखते हैं' चा अर्थ 'नाही' असाच होतो, फक्त म्हणणाऱ्याचं तोंड गोड राहतं. चैत्र उलटल्यावर बाईंनी सभा बोलवायला लावली. रविवारी सकाळी गाड्या लावतात त्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. प्रत्येक घरातून एक माणूस, म्हणजे पुरुष. बायका म्हणून दोघीच, शरदिनी आणि लतिका, कारण त्यांच्या घरात पाठवायला पुरुष नव्हता.

बाईंनी मांडलं ते मिसिरजींनी शांतपणे ऐकलं आणि मग खिशातून जुना अर्ज काढून उलगडला.

"चाचीजी, पहला दस्तखत किसका है?"

"मेरा है।"

"आपही के बंदर के चक्कर में लगा था न? आपही की साड़ी के लिए?"

खुर्च्यांमध्ये हशा पिकला. लतिका लाजून पदराशी चाळा करू लागली. शरदिनीबाई उभ्याच राहिल्या.

"जी हाँ। गलती मेरी थी। तो सुधारने का पहला हक भी मेरा है।"

"अरे, एसी लगवा लीजिए चाचीजी, झंझट खतम," मागून कोणीतरी म्हणालं.

"रसोई में लगवाएँ? आपने लगवाया है रसोई में?" बाई त्याच्याकडे वळल्या. "आप लोग में से कौन खड़ा होता है रसोई में? हाथ उठाइए।"

एकही हात वर आला नाही. पण लाज वाटायच्या ऐवजी सगळे पुन्हा हसले, कारण प्रश्न त्यांना विनोदी वाटला. मिसिरजी म्हणाले की अपार्टमेंटवर लोखंडी जाळी घातली तर ती जेलखान्यासारखी दिसेल, आणि लगेच मतं मागितली. झाकण काढायच्या बाजूने दोन हात वर गेले. ते दोन कोणाचे, हे सांगायला नको.

वैशाख सरला, ज्येष्ठ लागला. बाईंनी नाना उपाय करून पाहिले. पहाटेच स्वयंपाक उरकायला लागल्या, दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायला लागल्या, फरशीवर पाणी शिंपडून त्यावरच आडव्या व्हायला लागल्या. तोंडाने कधी 'उकडतंय' म्हणाल्या नाहीत. एकदा डोळ्यांपुढे काजवे चमकले तेव्हा त्या दाराची चौकट धरून गप्प उभ्या राहिल्या, आणि नेमकं ते लतिकाने बघितलं.

लतिकाने मोहनला फोन केला.

मोहन आला तो परतीची दोन तिकिटं घेऊनच. एक त्याचं, एक आईचं, शनिवारच्या गाडीचं. शरदिनीबाईंना कळायला वेळ लागला नाही की बातमी कोणी फोडली. त्या तडक खाली गेल्या.

"फितूर झालीस ना, लते?"

"शरू, तू मेली असतीस तर मी काय करणार होते?" लतिका रडायलाच लागली. "मला एकटीला इथे ठेवून तू पुण्याला गेलीस तरी चालेल मला. पण अशी... ओट्याशी..." 

शरदिनीबाईंचा राग निम्म्यात विरला. पण उरलेला निम्मा काही कमी नव्हता. "रडू नको. शनिवार लांब आहे. उद्या सकाळी आंघोळ करून वर ये. आणि ती चप्पल घालू नको, घसरते."

गच्चीची किल्ली मिसिरजींकडे असायची. तिथे कोणी जाऊ नये असा नियम होता, पाण्याच्या टाक्या आहेत म्हणून. पण ज्येष्ठात रोज सकाळी गच्चीचं दार उघडं राहायचं, कारण मिसिराइनना, म्हणजे मिसिरजींच्या बायकोला, तिथे लोणच्याच्या कैऱ्या आणि बड्या, म्हणजे डाळीचे सांडगे, वाळत घालायच्या असत. नियम करणाऱ्याच्या घरी लोणचं लागतं, तेव्हा नियमाला थोडी फट राहतेच. दुसऱ्या दिवशी मोहन झोपेत असताना शरदिनीबाई डोक्यावर कुरडयांचं मोठं ताट घेऊन जिना चढल्या. कुरडयांच्या खाली फडकं होतं आणि फडक्याच्या खाली श्रीनिवासरावांच्या अवजारांच्या पेटीतला पाना. मागे लतिका, अनवाणी, प्रत्येक पायरीवर राम राम म्हणत.

मिसिराइन टाकीच्या सावलीत काठी घेऊन कैऱ्या राखत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, अबोल बाई, सोसायटीत कोणाला त्यांचा आवाजही नीट माहीत नव्हता. शरदिनीबाईंनी ताट खाली ठेवलं, पाना काढला आणि सरळ डक्टच्या कठड्याशी गेल्या. कंबरेइतका कठडा, त्याच्यावर लोखंडी चौकट, चौकटीवर निळे पत्रे, आणि पत्र्यांना नटबोल्ट.

"ई का है, चाचीजी?" मिसिराइन उठून उभ्या राहिल्या.

"पाना है। ढक्कन खोलने आए हैं।" बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "चिल्लाना हो तो चिल्ला लो।"

मिसिराइन ओरडल्या नाहीत. त्या जवळ आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. मनगटापासून वरपर्यंत घामोळं, खाजवून खाजवून लाल झालेलं. "हमरे चौका में तो दाल बिना चूल्हा के पक जाए," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "कहते हैं कमरा में एसी है, वहीं बैठो। त रोटी कौन बनाई?" मग त्यांनी जिन्याकडे कान दिला. "जल्दी करीं। पूजा पर बैठे हैं। आरती की घंटी बजेगी त समझिए आ गए।"

 सभेत हसणाऱ्या खुर्च्या शरदिनीबाईंना आठवल्या. त्या खुर्च्यांच्या मागे प्रत्येक घरात अशी एकेक बाई उभी होती आणि तिला कोणी सभेला बोलावलंच नव्हतं. मग त्यांनी पाना नटाला लावला.

नट हलेना. एका पावसाळ्याचा गंज. बाईंनी दात-ओठ खाऊन जोर लावला, मनगटातून कळ गेली. मिसिराइन गेल्या आणि लोणच्यासाठी आणलेली मोहरीच्या तेलाची बाटली घेऊन आल्या, नटावर ओतली, शेजारच्या नटावर ओतली, सढळ हाताने. "अचार अगले हफ्ते डाल लेंगे," त्या म्हणाल्या. पुन्हा जोर. लतिकाने राम राम थांबवलं, पदर खोचला आणि पान्याच्या दांड्यावर आपलं सगळं वजन टाकलं. नट करकरला आणि सुटला. पहिला सुटल्यावर दुसरा, मग तिसरा. तेलाने हात बुळबुळीत, घामाने डोळे चुरचुरत होते. खालून आरतीची घंटा वाजायला लागली तेव्हा त्या पहिल्या पत्र्याचा शेवटचा नट शिल्लक होता.

"छोड़िए उसको," मिसिराइन म्हणाल्या, आणि तिघींनी मिळून पत्र्याची कड धरून तो वर उचलला. तो अडकलेल्या नटाभोवती फिरला आणि बाजूला पडला.

आतून हवा आली. आली कसली, उसळलीच. फोडण्या, उतू गेलेलं दूध, साबण, ओले पंचे, सगळ्या मजल्यांचं कोंडलेलं सगळं एकदम तोंडावर. लतिका मागे सरकली. मिसिराइन मात्र कठड्यावर हात टेकून तिथेच उभ्या राहिल्या. एवढी गरमी रोज आपण गिळत होतो, हे त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसल्यासारखं झालं होतं.

मिसिरजी आले ते कपाळावर ताजं चंदन आणि तोंडात शिवी घेऊनच. त्यांच्या मागे आवाजाने जागा झालेला मोहन, आणि जिन्यात आणखी दोघं-तिघं.

"ये सोसाइटी की संपत्ति है! तोड़-फोड़! हम पुलिस में रिपोर्ट करेंगे!"

"कीजिए।" शरदिनीबाई पाना हातात धरून कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. केस विस्कटलेले, गालाला गंज. "मेरा नाम लिखाइए। शरदिनी श्रीनिवास मोघे। पहला दस्तखत फिर मेरा।"

"आई, काय हे! चल खाली," मोहन पुढे झाला.

"हात नको लावू, मोहन."

"और बंदर?" मिसिरजी ओरडले. "बंदर घुसेगा तो?"

"बंदर को डंडा मारकर भगा सकते हैं मिसिरजी। इसको कहाँ भगाएँ?" बाईंनी डक्टकडे बोट केलं.

मिसिरजींनी बायकोकडे पाहिलं. काठी, तेलाची बाटली, तेलकट हात. त्यांना कळत होतं, पण पटत नव्हतं. "तुम यहाँ का कर रही हो?"

मिसिराइननी डोक्यावरचा पदर सारखा केला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेल्या त्या बाईने नवऱ्याला चार लोकांत कधी उत्तर दिलं नसेल. "रिपोर्ट में हमरो नाम लिखा दीजिएगा," त्या म्हणाल्या, "शरदिनी चाची के नीचे।"

 मोहन हळूच कठड्याशी गेला, आईच्या शेजारून वाकला आणि त्याने डक्टमध्ये तोंड घातलं. लगेच मागे घेतलं. चष्मा काढून त्याने डोळे पुसले.

"हे तुझ्या खिडकीतून यायचं?"

"माझ्या एकटीच्या नाही," शरदिनीबाई म्हणाल्या.

रिपोर्ट झाली नाही. कुठल्या तोंडाने करणार? त्याच संध्याकाळी मिसिरजींना पुन्हा सभा बोलवावी लागली, आणि या वेळी खुर्च्या कमी पडल्या, कारण जिन्यावरून हात पुसत पुसत बायकाच उतरत राहिल्या. पुरुषही होते, पण हसत नव्हते. जाळीवाल्याला बोलवायचं ठरलं. जाळी येईपर्यंत माकडं राखायला आळीपाळीने काठी घेऊन गच्चीवर बसायचं, हेही ठरलं. आणि यादी करायची वेळ आली तेव्हा मिसिराइननी पहिली पाळी आपल्या नवऱ्याला दिली.

उरलेले पत्रे निघाले त्या संध्याकाळी शरदिनीबाईंनी गॅलरीचं दार आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग पडदा हलला. मग टेबलावरचं वर्तमानपत्र खाली गेलं. मोहन जमिनीवर सतरंजीवर पडला होता, थोड्या वेळाने त्याचा हात डोळ्यांवरून घसरला आणि तो लहानपणी झोपायचा तसा तोंड उघडं टाकून झोपला. बाईंना भरून आलं. जिंकल्याचा आनंद होता, आणि हे पोर आपल्यासाठी किती घाबरलं होतं त्याचंही वाईट वाटलं.

शनिवारी मोहनची बॅग दारात होती. तो मोबाइल हातात घेऊन नुसताच उभा होता.

"आई, तुझं तिकीट..."

"रद्द कर."

"आणि पुन्हा चक्कर आली तर?"

"येईल की. वय झालं, चक्कर यायचीच." त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "एक दिवस मरेनही. पण घुसमटून नाही, आणि पुण्यात तर मुळीच नाही."

मोहन हसला नाही, पण त्याने मान खाली घालून मोबाइलवर बोट फिरवलं आणि तिकीट रद्द झाल्याचं आईला दाखवलं. चष्मा नसल्याने त्यांना ते वाचता आलं नाही, पण त्यांनी वाचल्यासारखं केलं. तो वाकून पाया पडला, बॅग उचलून जिना उतरायला लागला, तेव्हा त्या जिन्याच्या कठड्यावरून ओरडून म्हणाल्या,

"पुढच्या वर्षी पोरांना घेऊन ये. आणि ज्येष्ठातच ये! थंडीत काय, बनारसला कोणीही राहतं."